बॅज लागला म्हणून मुलांचा गेम सापडतो का?

मुलांसाठी मोबाइल गेम बनवणाऱ्या छोट्या चमूंची एक ठाम समजूत असते. आपला गेम चांगला आहे, फक्त लोकांना तो दिसत नाही. एखाद्या भरवशाच्या संस्थेचा दर्जाचा बॅज मिळाला, की पालकांची नजर आपोआप तिकडे वळेल. पालकांनाही तसंच वाटतं. लाखो गेमच्या गर्दीत कुणीतरी आधीच चाळून ठेवलंय, आपण फक्त बॅज बघायचा.

या समजुतीत थोडं तथ्य आहे, पण मधला दुवा गळलेला आहे. बॅज स्वतःहून कुणालाही गेमपर्यंत आणत नाही. अ‍ॅप स्टोअरने त्या बॅजला एखादा कप्पा, एखादी गाळणी किंवा शोधाच्या क्रमातली जागा जोडलेली असेल, तरच गेम सापडायला मदत होते. तशी जोड नसेल, तर बॅज उपयोगी पडतो तो नंतरच्या टप्प्यावर, म्हणजे पालक गेमच्या पानावर येऊन पोहोचल्यानंतर.

हे नीट कळायला आधी बघायला हवं की मुलांचा गेम मुळात शोधतं कोण.

खेळणारा एक, शोधणारा दुसरा

मोठ्यांच्या गेममध्ये शोधणारा, पैसे देणारा आणि खेळणारा एकच माणूस असतो. मुलांच्या गेममध्ये तसं नसतं. चार वर्षांच्या मुलाला शोधपट्टीत अक्षरं टाइप करता येत नाहीत. त्याने कुणाच्या तरी फोनवर एखादा गेम पाहिलेला असतो, किंवा दुसऱ्या गेममध्ये मध्येच आलेल्या जाहिरातीतला रंगीत प्राणी त्याला हवा असतो. टाइप करतात ते पालक: ‘पाच वर्षांच्या मुलांसाठी आकड्यांचा गेम’, ‘इंटरनेटशिवाय चालणारा गेम’, ‘जाहिराती नसलेलं कोडं’. आणि तेही बहुधा घाईत, मूल बाजूला फोन ओढत असताना.

बॅज मुलासाठी नसतो, तो या घाईतल्या पालकासाठी असतो. मुलाच्या लेखी त्याला काहीच किंमत नाही.

आता हा पालक स्टोअरमध्ये कुठून शिरतो ते पाहू. अ‍ॅपलने आपल्या जाहिरात सेवेची माहिती देताना सांगितलेला आकडा असा, की अ‍ॅप स्टोअरवरचे सुमारे ६५ टक्के डाऊनलोड शोध घेतल्यानंतर होतात. म्हणजे निर्णयाचा मोठा भाग शोधाच्या निकालांच्या यादीतच होऊन जातो. त्या यादीत काय दिसतं? आयकॉन, नाव, तारे, आणि जागा असेल तर दोन-तीन स्क्रीनशॉट. बाहेरच्या संस्थेने दिलेला बॅज तिथे नसतो. तो वर्णनाच्या चौथ्या परिच्छेदात असतो, किंवा गेम बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर.

मग तो आयकॉनवरच का लावू नये? ती वाट बंद आहे. गुगल प्लेने २०२१ मध्ये नियम आणला, की गेमच्या नावात, आयकॉनवर किंवा बनवणाऱ्याच्या नावात ‘क्रमांक एक’, ‘वर्षातला सर्वोत्तम’ असे दावे आणि पुरस्काराची चिन्हं लावायची नाहीत. नावाची मर्यादाही ३० अक्षरांवर आणली. नियम योग्यच होता, कारण त्याआधी प्रत्येक दुसरा आयकॉन स्वतःलाच पदक लावून फिरत होता. पण त्याचा परिणाम असा, की खऱ्या मेहनतीने मिळवलेला बाहेरचा बॅजही नेमका तिथे दिसत नाही जिथे पालक बघत असतो.

सापडणं आणि निवडणं

या दोन गोष्टींची सतत गल्लत होते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पुरस्काराचा शिक्का असणं वेगळं आणि ग्रंथपालाने ते पुस्तक दारासमोरच्या फळीवर मांडणं वेगळं. शिक्का उपयोगी पडतो तो पुस्तक हातात घेतलेल्या वाचकाला. मांडणीमुळे मात्र ते पुस्तक कुणाच्या तरी हातात जातं. अ‍ॅप स्टोअरमध्ये मांडणी फक्त स्टोअरच्या मालकाच्या हातात आहे. बाहेरची संस्था कितीही विद्वान असो, तिला शिक्काच देता येतो.

म्हणून एखाद्या बॅजबद्दल पहिला प्रश्न ‘हा देतं कोण?’ हा नसून ‘हा बॅज मिळाल्यावर गेम स्टोअरमध्ये कुठे जातो?’ हा असायला हवा.

गुगलचंच उदाहरण घेऊ, कारण त्यात ही जोड स्पष्ट दिसते. २०१५ मध्ये गुगलने कुटुंबांसाठीच्या अ‍ॅपचा एक कार्यक्रम सुरू केला. त्यात सामील झालेल्या अ‍ॅपवर ताऱ्याचं चिन्ह येई. पण ते चिन्ह दर्जाचं नव्हतं. आमचं अ‍ॅप मुलांसाठी आहे आणि आम्ही नियम पाळतो, असं बनवणाऱ्यांनी स्वतः जाहीर केलेलं असे. एप्रिल २०२० मध्ये पुढचं पाऊल पडलं, ते म्हणजे ‘टीचर अप्रूव्ह्ड’, शिक्षकांनी पसंत केलेलं. अमेरिकेतल्या २०० हून अधिक शिक्षकांना सोबत घेतलं गेलं. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातले जो ब्लॅट आणि जॉर्जटाउन विद्यापीठातल्या सँड्रा कॅल्व्हर्ट हे मुख्य सल्लागार होते. वयाला साजेसं आहे का, रचना चांगली आहे का, मुलाची वाढ होईल असं काही आहे का आणि मुलाला आनंद मिळतो का, अशा निकषांवर शिक्षक गेम तपासतात. त्यांना गेममध्ये काय आवडलं, हेही पालकांना पानावर वाचता येतं.

पण माझ्या मते त्या घोषणेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बॅज नव्हता. त्याच दिवशी गुगलने प्ले स्टोअरमध्ये मुलांसाठीचा वेगळा टॅब आणला आणि शिक्षकांनी पसंत केलेले गेम तिथे मांडले. बॅज म्हणजे त्या टॅबचं प्रवेशपत्र होतं. ज्या पालकाला गेमचं नाव माहीत नाही, काय टाइप करावं हेही सुचत नाही, तो तिथे वयानुसार चाळत जाऊ शकतो. गेम सापडतो तो इथे. हेच शिक्षक, हेच निकष आणि हेच चिन्ह ठेवून तो टॅब काढून टाकला असता, तर त्या बॅजने सापडण्याच्या बाबतीत फारसं काही साधलं नसतं.

अ‍ॅपलने वेगळी वाट धरली. २०१३ मध्ये आयफोनच्या आयओएस ७ या प्रणालीसोबत अ‍ॅप स्टोअरमध्ये मुलांचा स्वतंत्र विभाग आला: पाच वर्षांपर्यंत, सहा ते आठ आणि नऊ ते अकरा. इथे बॅज नाहीच, सरळ कप्पाच आहे. त्यात शिरायचं तर बाहेरचे दुवे आणि खरेदी पालकांसाठीच्या कुलपामागे, म्हणजे मोठ्यांनाच पार करता येईल अशा पायरीमागे, ठेवावी लागते, आणि २०१९ पासून बाहेरच्या कंपन्यांच्या जाहिराती व वापराची नोंद ठेवणारी साधनं यांवरचे नियम फारच कडक झाले. म्हणजे या विभागात असणं हे सुरक्षिततेबद्दल बरंच काही सांगतं, पण गेम मजेदार आहे की कंटाळवाणा, मुलाला त्यातून काही मिळतं की नाही, याबद्दल काहीच सांगत नाही.

बाकीची चिन्हं थोडक्यात सांगतो. ‘३+’ किंवा ‘४+’ हे वयाचं मानांकन असतं, त्याचा दर्जाशी संबंध नाही. साध्या गणकयंत्राच्या अ‍ॅपलाही ते मिळतं, कारण त्यात आक्षेपार्ह काही नसतं. ‘एडिटर्स चॉइस’ ही स्टोअरच्या संपादकांची निवड. ती मोलाची आहे, पण अर्ज करून हमखास मिळवता येत नाही. ‘किडसेफ’सारख्या मोहरा मुख्यतः मुलांच्या माहितीचं संरक्षण आणि सुरक्षितता यांबद्दल असतात. आणि कॉमन सेन्स मीडियासारखी संस्था २००३ पासून वयानुसार परीक्षणं लिहीत आली आहे. तिचा उपयोग स्टोअरबाहेर, गेम निवडण्याआधी वाचणाऱ्या पालकांना होतो. अशा परीक्षणातून थेट गेमच्या पानावर येणारा पालक निम्मा निर्णय घेऊनच आलेला असतो. संख्या कमी असेल, पण हा रस्ता खरा आहे.

न दिसणारा दर्जा

एक गोष्ट बरेच जण विसरतात. स्टोअर स्वतःही सतत दर्जा मोजत असतं, फक्त त्याचा बॅज लावत नाही. गुगल प्लेवर रोजच्या वापरकर्त्यांपैकी १.०९ टक्क्यांहून जास्त जणांना गेम मध्येच बंद पडल्याचा अनुभव आला, किंवा ०.४७ टक्क्यांहून जास्त जणांना तो गोठल्याचा अनुभव आला, तर स्टोअर तो गेम कमी लोकांना दाखवू शकतं. हे आकडे गुगलने जाहीर केलेले आहेत.

मुलांच्या गेमला याचा विशेष फटका बसतो. मुलांच्या हातात बहुधा घरातला जुना फोन किंवा टॅबलेट असतो, मेमरी भरलेली, सिस्टिम मागची. मुलं पडद्यावर दहा ठिकाणी एकदम बोटं लावतात. नव्या फोनवर व्यवस्थित चालणारा गेम तिथे कोलमडतो. बॅजचा अर्ज भरण्यात महिना घालवणाऱ्या चमूने तोच महिना चार जुन्या फोनवर गेम चालवून पाहण्यात घालवला, तर सापडण्याच्या दृष्टीने जास्त फायदा होण्याची शक्यता आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

बॅजचा परिणाम मोजायचा कसा?

‘बॅज मिळालेल्या गेमचे डाऊनलोड जास्त असतात’ हे वाक्य खरं असलं तरी त्याने काही सिद्ध होत नाही. बॅज चांगल्या गेमना मिळतो, आणि चांगले गेम बॅज नसतानाही जास्त डाऊनलोड होतात. शिवाय बॅज मिळतो त्याच सुमाराला गेम स्टोअरच्या पहिल्या पानावर झळकतो, बातमी येते, बनवणारे जाहिरात करतात. यातलं बॅजचं श्रेय वेगळं काढणं सोपं नाही.

खरं उत्तर हवं तर एकाच गेमची बॅजसह आणि बॅजशिवाय तुलना व्हायला हवी, किंवा बॅज देण्याचा उंबरठा जेमतेम ओलांडलेले गेम आणि जेमतेम हुकलेले गेम शेजारी ठेवून पाहायला हवेत. हे करण्याइतका डेटा स्टोअरच्या मालकांकडेच असतो.

पण दुसऱ्या एका बाजारातला चांगला अभ्यास आहे. एल्फेनबाइन, फिसमन आणि मॅकमॅनस या अर्थशास्त्रज्ञांनी ईबे या ऑनलाइन बाजारातल्या ‘उत्तम विक्रेता’ बॅजचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना आढळलं, की बॅजचा फायदा होतो, पण तो सगळीकडे सारखा नसतो. आजूबाजूला थोड्याच जणांकडे बॅज असेल, स्पर्धा दाट असेल, आणि विक्रेता नवा असेल, म्हणजे त्याची जुनी कामगिरी बघायला फारशी उपलब्ध नसेल, तेव्हा तो जास्त होतो.

हे मुलांच्या गेमना लावून बघा. ज्या मोठ्या नावाला लाखो परीक्षणं आहेत, त्याला बॅजची गरज सगळ्यात कमी. ज्या नव्या चमूच्या गेमला अजून पन्नास तारेही मिळालेले नाहीत, त्याला तो सर्वात जास्त उपयोगी. आणि बॅज सगळ्यांनाच वाटून टाकला, तर कुणालाच फारसा उपयोग उरत नाही. देणाऱ्यांची अडचण इथेच आहे. सापडण्यासाठी बॅज दुर्मीळ हवा, पण दुर्मीळ बॅज बहुतेक चांगल्या छोट्या गेमच्या वाट्याला येतच नाही.

बॅजवर विश्वास कितपत ठेवावा?

आता जरा कठोर बोलायला हवं, कारण इथे प्रश्न मुलांचा आहे.

संशोधक बेंजामिन एडेलमन यांनी वेबसाइटवरच्या विश्वासाच्या मोहरांचा अभ्यास केला. त्यात ट्रस्टई या संस्थेची मोहर असलेल्या साइट मोहर नसलेल्या साइटपेक्षा दुपटीहून अधिक प्रमाणात अविश्वसनीय निघाल्या. हे उलटं वाटतं, पण कारण साधं आहे. तपासणी ढिली असेल, तर मोहर मिळवायला सगळ्यात आधी तोच धावतो ज्याला लोकांचा विश्वास आपणहून मिळत नाही. पुढे २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच संस्थेवर ठपका ठेवला, की दरवर्षी फेरतपासणी करतो असं सांगूनही २००६ ते २०१३ या काळात हजाराहून अधिक वेळा ती केलीच नाही. ही संस्था मुलांच्या माहितीच्या संरक्षणाचं प्रमाणपत्रही देत असे.

मोबाइलवर काय स्थिती आहे? २०१८ मध्ये संशोधकांच्या एका गटाने मुलांची ५,८५५ लोकप्रिय मोफत अँड्रॉइड अ‍ॅप प्रत्यक्ष चालवून त्यांतून कोणती माहिती बाहेर जाते ते तपासलं. ही अ‍ॅप गुगलच्या त्याच कुटुंबांसाठीच्या कार्यक्रमातली होती. निम्म्याहून अधिक अ‍ॅप अमेरिकेतल्या मुलांच्या ऑनलाइन गोपनीयतेच्या कायद्याचा, ‘कोपा’चा, भंग करत असण्याची शक्यता दिसली. बरेचदा बनवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. जाहिरातींसाठी बाहेरून आणून जोडलेला कोड गुपचूप माहिती पाठवत होता. स्वतंत्र संस्थेचं प्रमाणपत्र असलेल्या अ‍ॅपमध्येही असे संभाव्य भंग आढळले.

आणि ‘शैक्षणिक’ हा शब्द? तो तर कुणीही लावू शकतं. २०२१ मध्ये मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांची १२४ अ‍ॅप तपासली, त्यातली बहुतांश शैक्षणिक म्हणवणारी. मूल डोकं चालवतं का, मन लागतं का, शिकलेलं त्याच्या आयुष्याशी जोडलं जातं का, आणि दुसऱ्या माणसाशी देवाणघेवाण होते का, हे चार निकष. निम्म्याहून अधिक अ‍ॅपना कमी गुण मिळाले. त्याआधी याच विषयावर काम करणाऱ्या गटाने पाच वर्षांपर्यंतच्या मुलांची १३५ अ‍ॅप पाहिली होती, त्यांपैकी ९५ टक्के अ‍ॅपमध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात जाहिरात होती. काही ठिकाणी तर गेममधलं लाडकं पात्रच मुलाला खरेदीचा आग्रह करत होतं.

हे वाचून बॅज निरर्थक आहे असं कुणी म्हणेल, तर मी सहमत नाही. उलट, इतक्या दाट गाळात चाळणीची गरजच सिद्ध होते. मात्र चाळणी खरी हवी. माणसाने गेम उघडून, खेळून तपासलेला बॅज आणि बनवणाऱ्याने अर्जावर टिचकी मारून मिळवलेला बॅज यांना एकाच रंगात, एकाच आकारात दाखवणं ही पालकांची फसवणूक आहे. आणि बॅज देताना तपासलेला गेम पुढच्या अपडेटमध्ये बदलू शकतो. मालकी विकली जाते, नवे मालक जाहिराती घालतात, आणि चिन्ह तसंच राहतं. बॅजसोबत तपासणीची तारीख आणि गेमची आवृत्ती लिहायला कितीसं कष्ट पडतात? बहुतेक ठिकाणी ती नसते. मला हे अक्षम्य वाटतं.

भाषेचा प्रश्न तर चर्चेतही येत नाही. परीक्षकांना जी भाषा येते त्याच भाषेतला गेम ते तपासू शकतात. ज्या भाषांमध्ये परीक्षकच नाहीत, तिथला उत्कृष्ट गेमही बॅजच्या बाहेर राहतो, आणि बॅज हेच कप्प्याचं प्रवेशपत्र असेल तर कप्प्याच्याही बाहेर राहतो. म्हणजे गर्दीच्या भाषांमध्ये चाळणीचं काम करणारी व्यवस्था छोट्या भाषांमध्ये भिंत होऊन बसते.

मग गेम बनवणाऱ्यांनी काय करावं? स्टोअरच्या स्वतःच्या मुलांच्या विभागासाठी पात्र होणं सगळ्यात आधी, कारण तिथेच बॅजला जागा जोडलेली आहे. त्यासाठी लागणारे नियम, म्हणजे परवानगी नसलेल्या जाहिरातींचा कोड काढणं, खरेदीपुढे पालकांचं कुलूप लावणं आणि वयोगट नेमका सांगणं, हे तसेही करायलाच हवेत. तेरा वर्षांखालच्या मुलांवर नजर ठेवून त्यांना खास जाहिरात दाखवणं कोपाखाली पालकांच्या संमतीशिवाय चालत नाही. त्यामुळे मोठ्यांच्या गेमसारखी नेमकी माणसं हेरून पैशाने डाऊनलोड आणण्याची वाट इथे अरुंदच आहे. नावात आणि वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत पालक खरोखर टाइप करतात ते शब्द हवेत: वय, विषय, जाहिराती नाहीत, इंटरनेट लागत नाही. बाहेरचा बॅज पैसे भरून घ्यायचा असेल, तर देणाऱ्या संस्थेला विचारावं की तुमची यादी कोण वाचतं, शाळा की पालक, आणि त्या यादीतून गेमच्या पानावर किती जण येतात. उत्तर देता येत नसेल, तर ते पैसे गेममधले आवाज दुसऱ्या भाषेत ध्वनिमुद्रित करण्यावर खर्च करावेत.

पालकांसाठी बॅज ही सुरुवात म्हणून चांगली आहे. त्यावर बोट ठेवून तो कशाबद्दल आहे ते वाचावं: वय, गोपनीयता, की दर्जा. गुगल प्लेवर डाऊनलोडच्या बटणाजवळ ‘जाहिराती आहेत’ आणि ‘अ‍ॅपमध्ये खरेदी आहे’ या बारीक ओळी असतात. त्या नसल्या तर चांगलंच. मग तारे न बघता सगळ्यात कमी गुण देणारी ताजी परीक्षणं वाचावीत, कारण गेम अपडेटनंतर बिघडला असेल तर ते तिथेच आधी दिसतं. आणि मुलाच्या हाती देण्याआधी दहा मिनिटं स्वतः खेळून बघावं, विशेषतः पहिली पातळी संपल्यावर पडद्यावर काय येतं ते.